काज

नंदगडच्या बाजारात माझं दुकान, एवढंसं.
एक मशीन, एक आरसा,
कुणाचं माप घ्यायचं तर आधी स्टूल बाहेर काढावं लागतं.

पिक्चरचा मॅनेजर त्याच स्टुलावर बसून म्हणाला,
बावीस खाकी शर्ट हवेत, पोलिसांचे.
सीमाभागावरच आहे पिक्चर, मामा, तुमच्याच माणसांवर.
खऱ्यासारखे दिसले की झालं.
खऱ्यासारखे कशाला?
ठाण्याचे शर्ट मीच शिवतो, त्याच ताग्यातलं उरलं होतं.
फरक पडला तो एवढाच:
ठाण्याच्या बटणाला चार भोकांत फुली घालतो मी, हाताची सवय,
पिक्चरच्या बटणांना घाईघाईनं दोन आडवे टाके.
दोन दिवस टिकली तरी पुष्कळ.

कौलांच्या भट्टीवरचा सातेरी गर्दीत उभा राहिला.
चारशे रुपये रोज, दुपारी पुरीभाजी,
आणि लाठ्या रबराच्या; हे लिहून दिलं नव्हतं,
नुसतं सांगितलं होतं.
मैदानाच्या कडेला बंदोबस्त, खरा.
मधोमध पोलीस, माझ्या हातचे.
घोषणा कागदावर छापून आल्या होत्या.
कुणीतरी एक कागदाबाहेरची दिली.

डायरेक्टर ‘कट’ म्हणाला.
पिक्चरची माणसं थांबली, पाण्याच्या ड्रमकडं गेली.
जी थांबली नाहीत
ती कोण?

पंचनाम्यात सातेरी सायकलवरून पडला.
मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.
तवनाप्पा हवालदारानं मराठीत वाचून दाखवलं,
गोड मराठीत, त्याच्या घरात बोलतात तसल्या.
सातेरीकडं सायकल नव्हती.
‘काय बघूलालास? कर की सही.’
केली. माझ्या लिपीत केली,
जणू त्यानं काही फरक पडणार होता.

अलीकडच्या साहेबांनी पलीकडं बोट दाखवलं.
पलीकडच्या साहेबांनी शाल पाठवली,
ती पांघरवताना फोटोसाठी सातेरीला
डोळ्याची पट्टी काढायला सांगितली,
आणि काढल्यावर परत बांधायला सांगितली.

लक्कुबाई, त्याची आई, दुकानात आली
ती काही बोलली नाही. मूठ उघडली.
दवाखान्यात पोराच्या मुठीतून निघालेलं बटण,
दोऱ्यासकट.
‘हे तुझं हाय काय बघ.’
मी उजेडाकडं धरलं. उगाच धरलं.
बोटाला आधीच कळलं होतं.
‘असली बटणं कुठंबी मिळतात, काकू,’ म्हणालो.
तिनं माझ्याकडं पाहिलं
ठाण्याकडं पाहतात तसं.
बटण मशीनवर ठेवून गेली.

त्याच आठवड्यात तवनाप्पा आला.
शर्ट काढून दिला, बनियनवर स्टुलावर बसला,
चहा मागवला, माझाही.
वरून तिसऱ्या काजासमोर नुसती भोकं, थोडं फाटलेलं.
मी रफू केलं. डब्यातलं दुसरं बटण लावलं.
फुलीच घातली.
दहा रुपये झाले; त्यानं वीस दिले आणि सुटे मागितले नाहीत.

पिक्चर बेळगावात लागला तेव्हा सातेरीच म्हणाला, जाऊ या.
सुरुवातीलाच पाटी आली:
यातील पात्रं आणि घटना पूर्णपणे काल्पनिक.
मध्यंतरानंतर मैदान आलं, मागून तुताऱ्या.
कॅमेरा बंद करायचा राहिला असेल बहुतेक,
किंवा सीन आवडला असेल:
पडद्याच्या कोपऱ्यात सातेरी पडताना दिसतो,
हात कुणाच्या तरी छातीशी.
त्या कुणाला तोंड नाही, तिथपर्यंत चौकटच नाही.
शर्ट मात्र स्वच्छ दिसतो.
खांद्याची शिवण सरळ आहे.

लोकांनी शिट्ट्या मारल्या.
सातेरी एका डोळ्यानं बघत होता, माझ्याकडं.
‘मामा, शर्ट झकास शिवलाईस,’ म्हणाला.

सरकारच्या कागदावर खोटं, खरं म्हणून छापलंय.
पडद्यावर खरं, खोटं म्हणून दाखवतात.
आणि बटण माझ्या डब्यात आहे, शंभरभर बटणांत.
डबा हलवला तर सगळी सारखीच वाजतात.
मी हलवत नाही.